तळ झाकेल एवढी कॉफी

मादबा गावात घराचा पाया खणताना माणूस पहिली कुदळ देवाचं नाव घेऊन मारतो, आणि दुसरी मारायच्या आधी पुटपुटतो, "देवा, खाली चर्च निघू देऊ नगंस." जुनं गाडलेलं चर्च निघालं की सरकारी माणूस येतो, भोवती दोरी बांधतो आणि घर कागदावरच राहतं. जिर्यसच्या चुलत्यानं तर नुसता संडासाचा खड्डा घेतला होता. कमरेइतकं खाली गेल्यावर रंगीत खड्यांनी जमिनीत जडवलेला मोर निघाला. चुलता काठावर उकिडवा बसला, मोराकडं टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "दीड हजार वर्सं खाली गप पडलावतास, आनखी चार दिस गप ऱ्हायला असतास तर तुजं काय बिगडलं असतं रं?"

यात्रेकरूंची बस गावाबाहेर पडली की गाईड जिर्यस हा किस्सा सांगायचा. बस हसायची. मग तोही हसायचा, जसं काही आत्ताच पहिल्यांदा ऐकलंय. ड्रायव्हर मुफलेह आरशातून बघत म्हणायचा, "अबू शुक्री, त्या मोराला आता पेन्शनीत काढा."

तिकडं थोरल्या लेकाच्या नावानं बापाला हाक मारतात. जिर्यसचा थोरला शुक्री, म्हणून तो अबू शुक्री, शुक्रीचा बाप. नुसत्या नावानं हाक मारणारी फक्त बायको, हन्ने, आणि तीही रागावली तरच.

पोरवयात बापानं त्याला इंजिनियर व्हायला पोलंडला धाडलं होतं. दोन हिवाळे त्यानं कसेबसे काढले. थंडीनं कान सुजले, कोबीच्या वासानं जेवण जाईना. शेवटी इंजिनियरकी तिथंच टाकून पोलिश भाषा तेवढी घेऊन परत आला. बापानं कपाळावर हात मारला. "आता हितल्या दगडांसंगं पोलिशमदी बोल." आणि खरंच तसंच झालं. पुढं पोलंडहून यात्रेकरू यायला लागले, त्यांना दगडांची गोष्ट त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस पाहिजे होता, आणि जिर्यसचं बस्तान बसलं. नेबो डोंगरावर बायबलातल्या मोशेनं जिथून पलीकडचा मुलूख डोळे भरून बघितला तिथं तो यात्रेकरूंना उभं करायचा आणि स्वतः मुद्दाम गप बसायचा. जेराशच्या पडक्या रोमन नाट्यगृहात एखाद्या लाजऱ्या बाईला मधोमध उभं करून गायला लावायचा. दगड तिचा आवाज उचलून वरच्या पायरीपर्यंत न्यायचे आणि ती बाई वर्षभर सांगत राहायची. पोट सुटलं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण दर सकाळी हन्नेनं बांधून दिलेली भाकरी बगलेत मारून बसमध्ये चढताना त्याला वाटायचं, बाप उगीच कपाळावर हात मारून गेला.

एवढं सगळं बरं चाललं होतं. फक्त खिर्बेत तीनची कोंबडी वर्षभर धुळीत पडून होती, आणि ती त्याच्या जिवाला लागली होती.

खिर्बेत तीन, म्हणजे तिकडच्या भाषेत अंजिराची पडकी वस्ती, हे माळावरचं उजाड गाव. ढासळलेल्या भिंती, एक पाण्याचं टाकं, आणि मधे छप्पर नसलेलं जुनं चर्च. चर्चची जमीन सगळी रंगीत खड्यांची. द्राक्षाचे वेल, झाडाला बांधलेला मेंढा, शिकारी. शिकाऱ्यांची तोंडं कुणीतरी कधीकाळी खरवडून तिथं साधे खडे भरलेले. पण कोपऱ्यात एक कोंबडी शाबूत होती, मागं चार पिल्लं घेऊन चाललेली. थंडीपावसात खडे उखडू नयेत म्हणून सगळ्यावर वाळू पसरलेली असायची. पाहुणे आले की राखणदार तेवढा तुकडा झाडणीनं मोकळा करायचा, डबड्यातलं पाणी शिंपडून ओल्या गोणपाटानं एकदाच पुसायचा, आणि त्या मळकट दगडांतून लाल तुरा, पिवळे पाय, काळ्या ठिपक्यांची पिसं अशी उमटायची की बायका "आई गं" म्हणून खाली बसायच्या.

राखणदार होता दैफुल्ला, माळावरचा बदू, तंबूत राहून मेंढरं चारणाऱ्या जमातीतला. जिर्यस ख्रिस्ती, दैफुल्ला मुसलमान, आणि त्यांच्या आज्यांनी एकाच विहिरीवर मेंढरं पाजलेली. दैफुल्लाचा थोरला मशहूर, म्हणून तो अबू मशहूर. ओसाड चर्चच्या भिंतीला लागून बकरीच्या केसांचा त्याचा काळा तंबू. शुक्री रांगत होता तेव्हापासून ठरलेलं होतं की पोरगी मागायला जाताना अबू मशहूर पुढं बसणार. तिकडं पोरगी मागायला गावातली वजनदार माणसं जमून जातात. पोरीच्या बापानं कॉफी दिली की पुढारी पेला तसाच खाली ठेवतो. आमचं मागणं द्या, मग पिऊ. पाहुणा न पिता उठला तर घरमालकाची मान खाली, म्हणून तो पेला लई जड असतो. दैफुल्लानं ठेवलेला पेला आजवर कुणी परत फिरवला नव्हता.

आणि आता शुक्रीचं मागणं ईस्टरनंतर होतं, आणि दैफुल्ला जिर्यसशी बोलत नव्हता.

झालं होतं ते मशहूरच्या लग्नात. लग्न नेमकं ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या मोठ्या उपासात आलं. जिर्यसला त्या दिवसांत मटण चालत नव्हतं, ताक-तूपही चालत नव्हतं. आणि लग्नाचं जेवण म्हणजे परातभर भात, वर ताकात शिजवलेलं बकरं. एका परातीभोवती सात-आठ जण उभे राहून हातानं खात होते. यजमान म्हणून दैफुल्लानं चांगले लुसलुशीत तुकडे तोडून जिर्यसच्या पुढ्यात टाकले. चारी बाजूंनी म्हातारे बघत होते. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणायचं, म्हणून जिर्यस हसत राहिला, कोरडी भाकरी चघळत राहिला, आणि एकेक तुकडा बोटानं हळूच भाताखाली सारत गेला. पुरुष बाजूला झाले. परात बायकांच्या तंबूत गेली. तिथं त्याच्या बाजूचा भात उकरला आणि खालून मटणाचा ढीग निघाला. कुणीतरी फिस्सकन हसून म्हणालं, "गाईडानं हितं बी चर्च पुरून ठिवलंय!"

ते हसू तंबूतंबूतनं फिरलं. दैफुल्लाच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सांगितलं असतं तर मसुराचं येगळं पातेलं चढवलं असतं. माज्या मिठाला त्यानं चोरावानी पुरलं."

जिर्यस गेला होता समजूत घालायला. दैफुल्लानं त्याला बसवलं, कॉफी ओतली, आणि पेला काठोकाठ भरून दिला. त्या मुलखात मानाच्या पाहुण्याला कॉफी तळ झाकेल एवढीच द्यायची, म्हणजे तो परत मागेल, बसेल. काठोकाठ पेला म्हणजे, पी आणि चालू लाग. जिर्यसनं प्यायली आणि तो चालू लागला. परत एकदा गेला, परत काठोकाठ.

तेव्हापासून खिर्बेत तीनला बस आली की दैफुल्ला येऊन कुलूप उघडायचा आणि म्हणायचा, "या, गाईडसाहेब." अबू शुक्री म्हणणं त्यानं सोडलंच होतं. ना झाडणी, ना पाणी. एकदा जिर्यसनं स्वतःच बाटलीभर पाणी ओतून बघितलं. वाळूचा चिखल झाला, त्यातनं कोंबडीचा एक डोळा वर आला, आणि एक यात्रेकरू बाई सभ्यपणे म्हणाली, "फार सुंदर आहे." दैफुल्ला लांबून बघत होता. हसलासुद्धा नाही.

यंदाच्या उपासात पोलंडची एक मंडळी आली. त्यांत बोगुमिल नावाचा म्हातारा होता. पांढरी शुभ्र दाढी छातीपर्यंत, हातात काठी, घरी मधमाश्या पाळणारा. नेबोवर सगळे फोटो काढत असताना हा एका झुडपापाशी वाकून फुलांचा वास घेत होता. जिर्यसला तो आवडला. हन्नेनं बांधलेल्या ऑलिवांतले थोडे त्यानं म्हाताऱ्याला दिले आणि म्हणाला, "पुढं एका ठिकाणी कोंबडी आहे. पण ती दिसेल असं काही मी सांगत नाही."

"आमच्याकडंपण अंड्यावर बसलेली कोंबडी दाखवत नसतात," बोगुमिल म्हणाला.

खिर्बेत तीनला बस थांबली आणि माळावरनं वारा उठला. असला धुळीचा वारा की भिंती दिसेनात. बायकांनी ओढण्या तोंडावर ओढल्या. बोगुमिलची टोपी उडाली, दाढी खांद्यावरनं मागं गेली आणि तो काठी रोवून जागच्या जागी उभा राहिला. तंबूच्या दारातनं दैफुल्ला हे बघत होता. जिर्यसशी कितीही वाकडं असो, पांढऱ्या दाढीचा माणूस आपल्या दारापुढं धूळ खातोय हे त्याच्यानं बघवेना. तो वाऱ्यात ओरडला, "गाईडसाहेब! ह्या बाबाला मारायला आनलंय का जगवायला? आत घाला समद्यांस्नी!"

सगळे आत गेले. आत दैफुल्लाचे दोन भाऊबंद जपमाळ फिरवत बसलेच होते. गाद्या सरकल्या, शेगडीवरची कॉफी परत उकळली, वेलदोड्याचा वास सुटला. दैफुल्लानं रिवाजाप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला, मग डाव्या हातात किटली, उजव्या हातात पेला, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या पाहुण्यापुढं वाकला. तळ झाकेल एवढीच कॉफी.

बोगुमिलनं पेला दोन्ही हातांत घेतला. डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग पेला समोर चटईवर ठेवला, काठीवर हात घडी घालून ठेवले आणि प्रेमळ चेहऱ्यानं दैफुल्लाकडं बघत बसला.

जपमाळा थांबल्या. मुफलेहनं जिर्यसला कोपर मारलं. "मेलो," तो पुटपुटला. "ह्यो कुनाची पोरगी मागतोय?"

दैफुल्ला किटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. एक नजर म्हाताऱ्यावर, एक जिर्यसवर. मग किटली खाली ठेवून समोर मांडी घातली.

जिर्यसनं घाईनं पोलिशमध्ये विचारलं, "कॉफी का घेत नाही, बाबा?"

"उपास आहे ना," बोगुमिल म्हणाला. "ईस्टरपर्यंत कॉफी सोडलीय. दारू सोडून बघितली होती, तर बायको म्हणाली, त्यापेक्षा दारू पी, पण घरात असं तोंड करून बसू नको. मग कॉफी सोडली. वास मात्र घेतो, वासाचा काही नेम धरला नव्हता."

जिर्यस तोंड उघडणार, तेवढ्यात दैफुल्लानं हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. सांगू नगंस. ह्यो पेला मी आयुष्यभर ठेवत आलोय, मला शिकवू नगंस." त्यानं आवाज मोठा केला, भाऊबंदांना ऐकू जाईल असा. "समिंदरापल्याडनं पांढऱ्या दाढीचा मानूस आनलास व्हय मधी घालायला? एवढी तुजी अक्कल असंल असं वाटलं न्हवतं. बाबाला सांग, कॉफी पी. ज्यासाटी आलायस ते दिलं. तुज्या दाढीसाटी दिलं."

"तोंड उजळलं तुजं, अबू मशहूर!" एक भाऊबंद म्हणाला. दुसऱ्यानं मांडीवर थाप मारली.

बाहेर वारा तंबूला झोडपत होता. वर्षभर जे मिळत नव्हतं ते मधमाश्यावाल्या म्हाताऱ्याच्या उपासानं आयतं पदरात टाकलं होतं. त्यानं फक्त गप बसायचं होतं. पण आता पेला न पिताच राहिला असता तर दैफुल्लाचा शब्द धुळीत पडला असता. तो म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला. "बाबा, एक घोट घ्या. नाहीतर यजमानाचा लई अपमान होतो."

"अपमान होतो?" बोगुमिल सरळ झाला. "मग आधी सांगायचं नाही का? देव काय एवढा कोता आहे? देवाला मी समजावतो, माणसाला समजावणं अवघड." आणि त्यानं पेला उचलला.

पेला ओठांपर्यंत गेला. ह्या माणसानं दुसऱ्याच्या घरच्या मानासाठी आपला नेम कसा पटकन मोडायला घेतला, आणि तेही तोंडानं सांगून, हे जिर्यस बघत होता. आणि मी? म्हटलं तर उपास पाळला, म्हटलं तर मैत्री. दोन्ही भाताखाली सारून मोकळा झालो. आता ह्या म्हाताऱ्याचा नेमपण त्याच भाताखाली सारायचा?

त्यानं हात पुढं करून पेल्यावर ठेवला.

"थांबा," तो पोलिशमध्ये म्हणाला, आणि पेला काढून घेतला. मग दैफुल्लाकडं वळला. "अबू मशहूर, ह्यो बाबा काय मागाय आलेला न्हाई. ह्याचा कॉफीचा उपास हाय, ईस्टरपातुर. ह्याला तुजं-माजं काय ठावं बी न्हाई."

 दैफुल्लाचा चेहरा आकसला. शब्द तर देऊन बसला होता, तोही नको त्या माणसाला.

जिर्यसनं पेला स्वतःच्या पुढ्यात चटईवर ठेवला.

"पेला माजा हाय. मागनं बी माजंच. शुक्रीसाटी पोरगी मागायला जायचंय ईस्टर झाला की. तू म्होरं बसशील तरच जाईन. न्हाईतर पोरगा ऱ्हाऊ दे बिनलग्नाचा."

"उपास हाय म्हनून ह्यो बाबा चार मानसांत उघड सांगतो," दैफुल्ला सावकाश म्हणाला. "गेल्या साली तुज्या तोंडाला काय झालतं? भात भरलावता?"

"भातच भरलावता."

एका भाऊबंदाला हसू आवरेना. त्यानं ते खोकल्यात घातलं. दैफुल्लानं त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, पण मिशी हललीच.

"चोरावानी पुरलंस."

"चोरावानीच. म्हाताऱ्यांस्नी भ्यालो. तुज्या हातचं न्हाई कसं म्हनू? आनि खाऊ तरी कसा? मदल्यामदी गाडून टाकलं. चुकलं माजं."

"माजी बायकू अजून त्या परातीला चर्चची परात म्हनती."

"म्हनू दे."

दैफुल्ला उठला. चटईवरचा पेला उचलून त्यानं आतली कॉफी राखेत ओतली. "निवलेली कॉफी मी उंटाला बी देत न्हाई." पेला धुतला. किटली उचलली. सगळ्यांचे डोळे त्या किटलीच्या चोचीवर लागले. मुफलेहनं तर मान लांब केली. धार पडली. जिर्यस श्वास धरून बघत होता. पेला भरत जातो का, काठापर्यंत येतो का?

धार तुटली. तळ झाकला होता, बस्स.

"पी," दैफुल्ला म्हणाला. "म्होरं बसतो मी. पन त्या दिशी परातीत तुज्या बाजूचा भात मी सोता उकरून बगनार हाय, अबू शुक्री."

जिर्यसनं एका दमात प्यायली. जीभ पोळली. पेला हलवून परत द्यायचा असतो, म्हणजे आता पुरे. त्यानं हलवला नाही. दुसऱ्यांदा ओतून घेतली, मग तिसऱ्यांदा.

"त्याचा नवस फिटला का?" बोगुमिलनं जिर्यसकडं बोट दाखवत मुफलेहला पोलिशमध्ये विचारलं. मुफलेहला पोलिशचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं जोरजोरानं मान हलवली आणि म्हाताऱ्याची पाठ थोपटली.

बोगुमिलला रानपाल्याचा चहा मिळाला. जिर्यससाठी आतनं भाकरी, तेल आणि कांदा आला. दैफुल्लानं थाळी पुढं सरकवत दरडावून विचारलं, "ह्ये चालतं का? तोंडानं सांग!"

"चालतं."

"मोट्यानं!"

"चालतं, बाबा, चालतं!" आणि सगळा तंबू हसला. पोलंडची मंडळीपण हसली, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

वारा पडला. बाहेर सगळ्यावर धुळीचा पिवळा थर बसला होता. दैफुल्ला झाडणी आणि पाण्याचं डबडं घेऊन चर्चच्या कोपऱ्यात गेला, वाळू बाजूला केली, गुडघ्यावर बसला. पाणी शिंपडलं. ओलं गोणपाट एकदाच फिरवलं.

लाल तुरा आधी आला. मग पिवळे पाय, मग ठिपक्यांची पिसं, आणि मागं धावणारी चारही पिल्लं. यात्रेकरू गोळा झाले. बोगुमिल काठीवर भार देऊन कसाबसा खाली बसला आणि बराच वेळ त्या कोंबडीकडं बघत राहिला.

"अंडी घालणारी जात आहे," तो शेवटी म्हणाला. "पायावरनं कळतं."

जिर्यसनं ते दैफुल्लाला सांगितलं. दैफुल्लानं कोंबडीकडं नव्यानं बघितलं. "एवढी वर्सं राखतोय," तो म्हणाला, "एक अंडं न्हाई दिलं रांडंनं." आणि उन्हानं वाळून रंग उडायच्या आत त्यानं डबड्यातलं उरलेलं पाणी पिल्लांवर ओतलं.

ईस्टरनंतर मागणं झालं. पोरीच्या बापानं पहिल्याच शब्दाला होकार दिला. जेवायच्या वेळी सगळे परातीभोवती उभे राहिले, तेव्हा दैफुल्लानं खरोखर हात घालून जिर्यसच्या बाजूचा भात तळापर्यंत उकरला. खाली हाडं होती, चाटूनपुसून साफ केलेली.